खिडकीचा ळ

"पहिल्या अक्षरात सिंह बसवा, शेवटच्या अक्षरातून त्याची शेपटी काढा, अन् मधात आमच्या बाबूजींचा फोटो टाका. बाकी डिझाईन तुमच्या मनानं करा, मॅडम."

यवतमाळच्या बसस्टँडजवळच्या माझ्या दुकानात असं सांगणारा माणूस आला, की मी आधी चहा मागवते आणि चहा येईपर्यंत धंदा कोणता ते विचारून घेते. या गृहस्थांची पिठाची गिरणी होती. दळण सिंह दळणार काय, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण गिऱ्हाइकाच्या सिंहाची थट्टा करायची नसते. मी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमचं नाव लोक कुठं वाचतील?" ते म्हणाले, "पिठाच्या थैलीवर." "आणि थैली कुठं राहील?" "स्वयंपाकघरात, ओट्याखाली." ओट्याखालच्या अंधारात सिंहाच्या जबड्यातलं अक्षर कोणाला दिसणार, हे मग त्यांचं त्यांनाच उमगलं. सिंह गेला. बाबूजी मात्र राहिले. बाबूजींना काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

धंद्याला अक्षर निवडून देणं हे माझं काम. नाव ज्याचं त्याच्याकडे असतंच, ते कोणत्या वळणात लिहायचं हे मी ठरवते. जुनं वळण पुरत असेल तर संगणकातलं घेते, नाहीतर हातानं नवं काढते. लोकांना वाटतं, फॉन्टची यादी समोर असते, एकावर बोट ठेवलं की झालं. साडीच्या दुकानातही साड्यांची थप्पी असते, पण तेराव्याला नेसायची आणि बारशाला नेसायची एकच घेऊन कोणी बाहेर पडत नाही. अक्षराचंही तसंच आहे. जाड, बारीक, ताठ, तिरकं, गोलसर, कोनदार, प्रत्येकाचा एक स्वभाव असतो आणि वाचणाऱ्याला तो नाव वाचायच्या आधी कळतो.

एका पतसंस्थेच्या अध्यक्षांना पुढे झुकलेलं, धावतं अक्षर हवं होतं. "प्रगती दिसली पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, पतसंस्थेला पळतं अक्षर देऊ नये. ठेवीदार घाबरतात." क्षणभर त्यांचा चेहरा कडू झाला, मग स्वतःच हसत सुटले आणि पाय रोवून उभं असलेलं जाडजूड अक्षर घेऊन गेले.

वणीचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ नागपूरच्या विमानतळावर काचेवरची केसासारखी बारीक अक्षरं पाहून आले होते. तशीच ट्रकवर हवीत म्हणून हटून बसले. मी वाद घातला नाही. एका ट्रकच्या मागच्या फळीवर तशीच अक्षरं काढून दिली आणि म्हटलं, "ट्रक खाणीच्या रस्त्यावर फिरू द्या, मग बोलू." काही दिवसांनी शेठचा फोन आला, "मॅडम, नाव कुठं गेलं?" नाव तिथंच होतं, कोळशाच्या धुळीखाली. वणीच्या रस्त्यावर जगायचं असेल तर अक्षराला अंगावर मांस लागतं. तेव्हापासून त्यांच्या सगळ्या ट्रकांवर माझं अक्षर आहे, आणि चंद्रपूरच्या रस्त्यावर ते लांबून ओळखू येतं याचा मला अजून गर्व आहे.

मी कोणतंही अक्षर परीक्षेशिवाय देत नाही. कागदावर उतरलं की समोरच्या पानठेल्याच्या फळीवर चिकटवते, स्वतः एसटीत बसते आणि त्याच्यासमोरून जाते. धावत्या गाडीतून वाचता आलं तर पास. हल्लीची तरुण मंडळी देवनागरीच्या डोक्यावरची रेघ काढून टाकतात, म्हणजे अक्षर इंग्रजीसारखं मोकळं दिसतं. साड्यांच्या बुटीकला ते शोभतं, मीही दिलंय. पण धावत्या एसटीतून पाहिलं की रेघ नसलेला शब्द सांडलेल्या फुटाण्यांसारखा दिसतो. पोत्यावर, थैलीवर छापायचं नाव असेल तर मी रेघ काढू देत नाही, मग गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

हे सगळं मला गुलाबभाई पेंटरांनी शिकवलं. यवतमाळात एके काळी दुकानाची पाटी म्हणजे गुलाबभाई. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आमच्या वस्तीतल्या निळ्या कापडावर मी पांढरी अक्षरं काढत बसले होते, तेव्हा ते मागे उभे राहून बघत होते. "पोरी, अक्षर चांगलं हाये तुहं, पण ते श्वास घेऊन नाई राह्यलं," म्हणाले आणि माझ्या हातातला ब्रश घेतला. दोन अक्षरांमधली जागा त्यांनी नुसती थोडी सैल केली आणि सगळं कापड उजळलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. बाबांना मी सरकारी नोकरी करावी असं वाटायचं. पुढे माझ्या दुकानाची पाटी लागली तेव्हा तेच सगळ्यांना दाखवत फिरले.

गुलाबभाई आता थकलेत, हात कापतो, पण तोरा जसाच्या तसा आहे. "शहरातली अर्धी अक्षरं माही हायेत," असं ते म्हणायचे आणि ते खरंच होतं. फ्लेक्स आल्यावर ती एकेक करून झाकली गेली, याचं मात्र मला आजही वाईट वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट.

बाभुळगावजवळ नंदाताईंची बियाण्यांची छोटी कंपनी आहे. सोयाबीनचं बियाणं साफ करायचं, निवडायचं, उगवून बघायचं आणि थैल्यांत भरून तालुक्यातालुक्यातल्या कृषी केंद्रांना द्यायचं. त्यांच्या यजमानांनी एका शेडमध्ये सुरू केलेली. ते गेल्यावर सगळ्यांनी विका म्हटलं, पण नंदाताईंनी विकली नाही. बियाणं निवडायला गावातल्याच बाया, आणि त्यांची घरं त्या शेडवर चालतात. कंपनीचं नाव 'ओंजळ'.

'ओंजळ'चं अक्षर गुलाबभाईंचं. शेड बांधली तेव्हा त्यांनी तिच्या भिंतीवर लाल रंगात ते काढलं, आणि नंदाताईंच्या यजमानांना इतकं आवडलं की त्याचाच फोटो काढून थैलीवर छापला. अक्षर झकास, पण शेवटचा ळ विचित्र. ळ म्हणजे दोन वाटोळे डोळे. यातला डावा डोळा भरघोस, तर उजवा बारीक, दाबल्यासारखा. मला तो उस्तादांचा नखरा वाटायचा. पुढे मोठं गेट करायला ती भिंत पाडली. अक्षर थैलीवरच राहिलं.

आमच्या भागातली गंमत अशी, की जुनी माणसं बोलताना ळ म्हणतच नाहीत. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, तशी ओंजळ म्हणजे ओंजय. पण तोंडात नसलेला हा ळ त्यांच्या डोळ्यांत किती पक्का बसलाय, ते मला नंतर कळलं.

एका साली बाजारात 'ओंजळ'च्या नावानं बोगस थैल्या सापडल्या. लांबून तेच अक्षर, जवळून पाहिलं तर थोडं वेगळं. आतलं बियाणं उगवलंच नाही आणि बोल नंदाताईंना लागले. त्या माझ्याकडे आल्या. "शोभाताई, सहजी नक्कल होणार नाही असं अक्षर द्या. आणि थैलीच्या छोट्या पट्टीवरही वाचता यावं. आताचा तो ळ लहान छापला की गिचमिड होतो."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी मनापासून बसले. संगणकातले फॉन्ट चाळले, पण बहुतेकांचा ळ मला कधीच पटत नाही. हिंदीत तो फारसा लागत नाही, त्यामुळे बनवणारा घाईत काढून मोकळा होतो, सवतीच्या पोराला आंघोळ घालावी तसा. शेवटी हातानंच काढलं. गुलाबभाईंचीच ठेवण, तीच डोक्यावरची जाड रेघ, पण आतल्या जागा मोकळ्या, ओ ला ओंजळीत दोन तळवे जुळावेत तसं वळण, आणि ळ चे दोन्ही डोळे सारखे, भरघोस. धुळीत टाकलं, पाण्यात भिजवलं, एसटीतून पाहिलं. सगळ्या परीक्षा पास. गुलाबभाईंनी तो कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. "माह्याहून चांगलं नाई," म्हणाले, "पण चांगलं हाये." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच. नंदाताईंनी हंगामाचं सगळं बियाणं नव्या थैल्यांत भरलं, शिवलं आणि दुकानांना पाठवलं.

पेरणी तोंडावर आली आणि राळेगावहून सुरेशभाऊंचा फोन आला. त्यांचं कृषी केंद्र त्या तालुक्यात 'ओंजळ' सगळ्यात जास्त विकायचं. "शोभाताई, थैली कोनी हातात घेऊन नाई राह्यलं. बोगस हाये म्हनतात. तुमी अन् नंदाताई याच एकदा."

आम्ही दोघी गेलो. दुकानात यशोदाबाई म्हणून एक शेतकरीण होत्या. स्वतःची शेती स्वतः करणाऱ्या, बोलायला खणखणीत. त्यांनी जे घेतलं तेच गावातल्या बाया घेतात, असं सुरेशभाऊंनी आधीच कानात सांगितलं होतं. यशोदाबाईंच्या काखेत मागच्या सालची रिकामी थैली घडी करून ठेवलेली. आमच्याकडे शहाणा शेतकरी पीक घरात येईपर्यंत बियाण्याची थैली फेकत नाही. उगवण झाली नाही तर तक्रारीला पुरावा लागतो. बोगस मालाचे चटके बसल्यापासून लोक एक पाऊल पुढे गेले होते. नवी थैली घेताना जुनी सोबत आणायची आणि अक्षराला अक्षर लावून बघायचं.

यशोदाबाईंनी काउंटरवर दोन्ही थैल्या शेजारी अंथरल्या आणि ळ वर बोट ठेवलं.

"हे पाह्य. आपल्या ओंजयचा एक डोया मोठा, एक डोया लहान. याचे दोनी डोये सारके. हे थैली आपली नोहे."

"काकू, अक्षर बदललंय. कंपनी तीच आहे," मी म्हटलं. "या नंदाताई, कंपनीच्या मालकीण. बियाणं तेच."

"नवी पॅकिंग, जुनाच माल," यशोदाबाई म्हणाल्या, "पारसाली ज्यानं आमाले बुडवलं, तोही हेच सांगे."

आमचं पोस्टर मागच्या भिंतीवर लागलेलं होतं आणि त्यावर नेमकं हेच लिहिलेलं होतं. बाईचं काहीच चुकत नव्हतं. फसू नये म्हणून जे करायला हवं तेच ती करत होती, आणि त्याच शहाणपणापायी खरी थैली खोटी ठरत होती. माझ्या सगळ्या परीक्षांत एक परीक्षा राहून गेली होती. नवं अक्षर मी धुळीसमोर धरलं, पाण्यासमोर धरलं, पण जुन्या अक्षराशेजारी ठेवून कोणाला दाखवलंच नाही.

सोयाबीनचं बियाणं नाजूक. एका हंगामाचं दुसऱ्या हंगामाला नीट उगवत नाही. पेरणीआधी विकलं गेलं नाही तर सगळंच्या सगळं तेलाच्या गिरणीत घालायचं, आणि मग शेडला कुलूप. "थैल्यांवर वरून जुनं अक्षर छापून देऊ का?" नंदाताईंनी हळूच विचारलं. सुरेशभाऊंनी डोक्याला हात लावला. "ताई, शिवलेल्या थैलीवर वरून काही छापलं, का ते पक्कीच बोगस."

मी पुन्हा यशोदाबाईंकडे वळले. "काकू, हे नवं अक्षर मी स्वतः काढलंय. माझ्या हातानं."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू काढलं, मानलं. पन पयलं कोनी काढलं होतं? त्याले आन. त्यानं आमच्यासमोर म्हटलं का हेही माहंच हाये, मंग घेतो आमी."

सुरेशभाऊ हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या बाईनं बोलता बोलता वाट दाखवली होती. थैलीवर विश्वास नाही, कागदावर नाही, मालकिणीच्या शब्दावरही नाही. पण ज्या हातानं अक्षर काढलं तो हात समोर दिसला तर?

यवतमाळला परतून थेट गुलाबभाईंच्या घरी गेले. ते खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. थरथरत होते.

"बेटा, बँकवाले माही सही मानत नाईत. म्हनतात, जुन्या सहीशी जुयत नाई. तुहे शेतकरी काय मानतील?"

"उस्ताद, नाही काढलं तर शेडला कुलूप लागेल."

"अन् काढताना बिघडलं तं?"

"तरी लागेल."

त्यांनी उठून कोपऱ्यातली पेटी उघडली आणि ब्रश काढले. सगळे स्वच्छ, तेल लावून कापडात गुंडाळलेले. इतकी वर्षं काम नव्हतं, पण ब्रश तयार होते. मला भरून आलं. "रडू नको," ते म्हणाले, "रंग पातय होते."

बाजाराच्या दिवशी नंदाताई, गुलाबभाई आणि मी राळेगावला पोचलो. सुरेशभाऊंनी दुकानाची बाजूची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र करून ठेवली होती. भाजी घ्यायला आलेले लोक थांबायला लागले. पुढच्या रांगेत यशोदाबाई, आणि त्यांच्यामागे गावातल्या बाया. बहुतेकींच्या हातात मागच्या सालच्या थैल्या. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं, फक्त परीक्षक खूप होते आणि सगळे तयारी करून आले होते.

गुलाबभाईंनी निळा खडू लावलेली दोरी भिंतीवर ताणली, मी दुसरं टोक धरलं, त्यांनी मधून उचलून सोडली. भिंतीवर सरळ फिकट निळी रेघ उमटली. पोरंटोरं ओरडली. मग लाल रंगाचा डबा उघडला आणि उस्तादांनी ब्रश भिंतीला लावला.

डोक्यावरची रेघ थरथरली. सगळ्यांनाच दिसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बुवाचा हात हालून राह्यला जी." नंदाताईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. ओ झाला, वाकडाच. अनुस्वार देताना रंग ओघळला. ज झाला, तोही कसाबसा. गुलाबभाईंनी ब्रश खाली घेतला, मागे सरकले, पाय फाकवून उभे राहिले.

"शोभा, तुले काय शिकवलं होतं? लहान अक्षर कुठून निघते?"

"मनगटातून, उस्ताद."

"अन् मोठं?"

"खांद्यातून."

"हं. मनगट म्हातारं झालं. खांदा नाई झाला."

आणि त्यांनी खांद्यापासून पूर्ण हात फिरवला. एका दमात डावा डोळा, भरघोस, वाटोळा. तिथून न थांबता उजवा, बारीक, दाबलेला, आणि खाली सुटणारं शेपूट. ळ संपला. यशोदाबाई पुढे झाल्या, काखेतली थैली उलगडली आणि ओल्या रंगापासून बोटभर अंतरावर धरली. एकदा थैलीकडे, एकदा भिंतीकडे, पुन्हा थैलीकडे.

"हेच हाये," त्या म्हणाल्या. "हाच तो हात."

बायांमध्ये कुजबूज झाली. पण यशोदाबाई एवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. "इतकं चांगलं अक्षर होतं तुहं, बाबा. मंग बदलू काहून देल्लं?"

याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. बदललं मी होतं आणि गुलाबभाईंना 'हा डोळा का लहान' असं कधी विचारलंही नव्हतं.

गुलाबभाईंनी ब्रश फडक्याला पुसला. "बाई, ज्या भिंतीवर म्या हे पयलं काढलं, तिथं खिडकी होती. अक्षर काढता काढता खिडकी आली आडवी. म्हनून एक डोया लहान केला." मग त्यांनी नवी थैली हातात घेऊन सगळ्यांना उलटीसुलटी करून दाखवली. "आता सांगा, थैलीले खिडकी हाये का?"

यशोदाबाई हसल्या, आणि त्यांच्यामागे अख्खा बाजार हसला. पाठीवरचं ओझं उतरावं तसं ते हसणं होतं. मीही हसत होते आणि डोळे पुसत होते. ज्याला मी आयुष्यभर उस्तादांचा नखरा समजले, ती एक खिडकी निघाली.

"शोभा, खाली तुहं काढ," गुलाबभाई म्हणाले.

मी जुन्या अक्षराखाली नवं काढायला घेतलं. ओ, अनुस्वार, ज. लोकांना एकाखाली एक दिसत होतं, की ठेवण तीच आहे, घराणं तेच आहे. ळ चा डावा डोळा झाला आणि उस्तादांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. उजवा डोळा त्यांनी स्वतः काढला. पूर्ण, भरघोस, डाव्याच्या जोडीचा. "आज पुरा झाला माहा डोया," म्हणाले आणि भिंतीवर खाली कोपऱ्यात दोन नावं लिहायला लावली, त्यांचं आणि माझं. माझं आधी.

यशोदाबाईंनी नवी थैली त्या नव्या अक्षराला लावून पाहिली. मग सुरेशभाऊंकडे वळल्या. "काय पाह्यतं बापू? थैल्या काढ न. आमाले बस गाठा लागते."

त्या दिवशी सुरेशभाऊंच्या दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. आम्हाला चहा प्यायलाही सवड मिळाली नाही, कारण गुलाबभाई फोनवर होते. घाटंजीचा पेंटर, कळंबचा पेंटर, पांढरकवड्याचा पेंटर. फ्लेक्सनं घरी बसवलेले, कोणी किराणा दुकानात, कोणी मुलाच्या ऑटोवर. "ब्रश हायेत ना घरी? काढा बाहेर," एवढंच ते सांगत होते. एकानंही नाही म्हटलं नाही. पुढच्या बाजारांच्या दिवशी गावोगाव, त्या त्या गावच्या पेंटरच्या हातानं, कृषी केंद्रांच्या भिंतींवर हाच खेळ झाला. आधी खिडकीचा ळ, मग पूर्ण ळ, लोकांच्या डोळ्यांदेखत. खिडकीची गोष्ट तर आमच्या आधीच पुढच्या गावी पोचलेली असायची. बाभुळगावला मी पोचले तेव्हा एक आजोबा मलाच समजावून सांगत होते, "पोरी, ते खिडकी होती म्हनून तसं."

पेरणी सुरू व्हायच्या आत नंदाताईंची शेड झाडून रिकामी झाली. त्यांनी मला आत नेऊन ती रिकामी जमीन दाखवली. निवडणाऱ्या बायांनी तिथं फेर धरला होता. मला ओढलं, मी ओढली गेले. गुडघे दुखतात हे दुसऱ्या दिवशी आठवलं.

कंपन्या अक्षर कसं निवडतात, असं मला हल्ली कॉलेजात बोलावून विचारतात. मी सगळं सांगते. धुळीची परीक्षा, एसटीची परीक्षा, डोक्यावरची रेघ. आणि आता एक जास्तीची परीक्षा सांगते, की जुनं अक्षर हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला नवं दाखवा. तो काय विचारतो ते ऐका आणि त्याच्यासाठी उत्तर तयार ठेवा.

पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी सुरेशभाऊंचा पुन्हा फोन आला. या वेळी ते हसत होते. बाजारात एक माणूस टेम्पो लावून स्वस्तात 'ओंजळ'च्या थैल्या विकत होता. वर जुनंच अक्षर, अगदी हुबेहूब, एक डोळा मोठा, एक लहान. जुन्या अक्षरावर लोकांचा भरवसा आहे, हे बिचाऱ्यानं बरोबर हेरलं होतं. यशोदाबाई तिथं गेल्या, थैली हातात घेतली, ळ वर बोट ठेवलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"खिडकी तं पारसालीच बुजली रे! तुले कोनी सांगतलं नाई?"

टेम्पोवाला थैल्या टाकून पळाला म्हणतात.

मी तशीच उठून गुलाबभाईंकडे गेले आणि त्यांना हे सांगितलं. ते हसले, खोकले, पुन्हा हसले. मग रेडिओ बंद केला, खाटेवर नीट सरळ बसले आणि म्हणाले, "काय म्हनली ते बाई? आखीन एकदा सांग."

मी परत सांगितलं.